आदेश आहे, पण पाळला जात नाही

"मॅडम, ऑर्डर होऊन आठ महिने झाले, एक रुपया आला नाही. आता कंटेम्प्ट टाकायचा का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. दुसराही तितकाच नेहमीचा आहे. "दर शनिवारी मुलाला भेटायचा आदेश आहे. दारात जाऊन उभा राहतो, तर कुलूप. हा कोर्टाचा अवमान नाही का?"

अवमान असू शकतो. पण अवमानाची याचिका केली की पोटगी जमा होईल किंवा मूल भेटेल, हा समज फार महागात पडतो. त्या याचिकेत आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा करायची की नाही, हा मुख्य विषय असतो. तुमचा हक्क वसूल करून देणारे रस्ते वेगळे आहेत आणि बहुतेक वेळा ते जवळचे आहेत. म्हणून आधी स्वतःला विचारा: तुम्हाला पैसे हवेत, मुलाची भेट हवी, की समोरच्याला शिक्षा हवी? तिन्ही हवं असलं तरी क्रम ठरवावाच लागतो.

अवमान कशाला म्हणतात

न्यायालयाचा अवमान अधिनियम, १९७१ मध्ये दिवाणी अवमानाची व्याख्या आहे. न्यायालयाचा आदेश, निर्देश किंवा हुकूमनामा मुद्दाम मोडणं, किंवा न्यायालयाला दिलेली हमी मुद्दाम मोडणं, म्हणजे दिवाणी अवमान. सगळा भर 'मुद्दाम' या शब्दावर आहे. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात:

- आदेश स्पष्ट होता. त्याचे दोन अर्थ निघत नव्हते.
- समोरच्याला तो माहीत होता.
- पाळणं शक्य असूनही त्याने किंवा तिने तो पाळला नाही.

नोकरी गेली, अपघात झाला, पगार खरोखरच थांबला आणि हप्ता चुकला, तर ती थकबाकी आहे आणि ती द्यावीच लागेल. पण तेवढ्यावर अवमान सिद्ध होत नाही. हाच माणूस त्या काळात नवी गाडी घेत असेल, तर चित्र बदलतं. शंकेचा फायदा सामनेवाल्याला मिळतो, म्हणून पुरावा चोख हवा.

कौटुंबिक न्यायालय स्वतः अवमानाची शिक्षा देऊ शकत नाही. खालच्या न्यायालयांच्या अवमानाची दखल कलम १० खाली उच्च न्यायालय घेतं. आपल्याकडे ते मुंबई उच्च न्यायालय: मुंबईचं मुख्य पीठ, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची खंडपीठं, गोव्यात पर्वरी. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती पडत नाही. शिवाय मनापासून मागितलेली माफी न्यायालय स्वीकारू शकतं आणि शिक्षा टळू शकते. हे आधीच माहीत असलं, तर नंतरची निराशा टळते.

पोटगी थकली असेल तर

पहिलं काम म्हणजे आदेश कोणत्या कायद्याखाली झाला ते पाहणं. आदेशाच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं असतं. ते न पाहता धावपळ करणारे लोक मी रोज बघते, आणि त्यांची वर्षं वाया गेलेली पाहून जीव तुटतो.

*कलम १२५ किंवा आताचं कलम १४४.* १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि जुनं कलम १२५ आता १४४ झालं. या आदेशाची थकबाकी वसूल करायला त्याच न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय वॉरंट काढतं, तरीही पैसे आले नाहीत तर एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरेपर्यंत कैद देऊ शकतं. समोरचा नाशिकहून नागपूरला गेला, तरी तो जिथे असेल तिथे आदेशाची अंमलबजावणी करता येते.

इथला सगळ्यात मोठा खड्डा मुदतीचा आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'आज देईल, उद्या देईल' म्हणत तीन वर्षं थांबलात, तर जुन्या थकबाकीसाठी हे वॉरंट मिळत नाही. मुदतीत अर्ज केलात आणि तो चालू असताना पुढचे महिनेही थकले, तर ती रक्कम त्याच अर्जात मागता येते. दर वेळी नवा अर्ज लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे.

"महिनाभर आत जाऊन येईन, मग सुटलो" अशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका. कैद ही वसुलीची एक पद्धत आहे, तिने देणं फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं.

*हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ किंवा २५.* दाव्यादरम्यानची किंवा कायमची पोटगी या कलमांखाली मंजूर झाली असेल, तर दरखास्त, म्हणजे आदेश बजावून घेण्याचा अर्ज, दाखल करायची. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे हा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. दरखास्तीत हे मागता येतं:

- पगाराची जप्ती. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून वाचतो. साध्या कर्जापेक्षा पोटगीला कायद्याने वरचं स्थान दिलं आहे. पगारदार माणसाविरुद्ध इतका परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही.
- बँक खातं, गाडी, जमीन, फ्लॅट यांची जप्ती.
- दिवाणी तुरुंग. ऐपत असून पैसे देत नाही हे दाखवावं लागतं. तुरुंगातला त्याचा निर्वाह भत्ता दरखास्त करणाऱ्यानेच भरायचा असतो, हे लक्षात ठेवा. पैशांच्या वसुलीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

दरखास्तीला सामनेवाल्याच्या मालमत्तेची माहिती लागते आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. कंपनीचं पूर्ण नाव व पत्ता, बँकेची शाखा, सातबारा उतारा, गाडीचा नंबर हे जमवायला आदेश होण्याची वाट पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. सामनेवाल्याच्या त्या प्रतिज्ञापत्राची प्रत काढून ठेवा. तुमच्या दरखास्तीचा नकाशा तोच. त्यात कुणी खोटं लिहिलं असेल, तर त्याचा रस्ता अवमानाचा नाही. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी नव्या संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच न्यायालयात अर्ज होतो.

याच निकालात असंही म्हटलं आहे की पोटगी जाणूनबुजून थकवणाऱ्याचा बचाव शेवटचा उपाय म्हणून काढून टाकता येतो, आणि मुद्दाम अवज्ञा असेल तर योग्य न्यायालयात अवमानाची कारवाईही करता येते. मूळ दावा अजून चालू असेल, तर बचाव काढून टाकण्याचा अर्ज जरूर करा. घटस्फोट हवा असलेल्या माणसाला आपलं म्हणणंच मांडता येणार नाही हे कळलं, की पैसे बरेचदा आपोआप जमा होतात.

*कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५.* कलम २०(६) प्रमाणे दंडाधिकारी थेट मालकाला किंवा कंपनीला पगारातून रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात. याच कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडला, म्हणजे मारहाण, धमक्या, मनाई असताना घरी येणं सुरू राहिलं, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अशा वेळी उच्च न्यायालयाची वाट धरू नका. आदेशाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि संरक्षण अधिकाऱ्यांना कळवा.

मुलाची भेट नाकारली जात असेल तर

इथे वकिलापेक्षा आदेशाचे शब्द जास्त कामाला येतात. 'वडिलांना वाजवी भेटीची मुभा राहील' असा आदेश असेल, तर अवमान सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. वाजवी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? आदेश असा मोघम असेल, तर आधी त्याच न्यायालयात तो स्पष्ट करून घ्या. वार, वेळ, जागा, मुलाला कोण आणणार आणि कोण परत नेणार, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी, व्हिडिओ कॉलची वेळ, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता, हे सगळं लिहून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याच्या आणि भेटीच्या आदेशात बदल मागता येतो.

आदेश स्पष्ट असेल तर नोंद ठेवायला सुरुवात करा. एक साधी वही पुरते. तारीख, किती वाजता पोहोचलात, दार कोणी उघडलं, काय सांगितलं. बाहेरगावाहून जात असाल तर तिकीट जपा. भेटीच्या आदल्या दिवशी नम्र भाषेत संदेश पाठवा: "उद्या आदेशाप्रमाणे अकरा वाजता येत आहे." उत्तर आलं नाही तरी तो संदेश पुरावा आहे. मोबाइलमधले संदेश न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ संदेश डिलीट करू नका आणि फोन बदलला तर जुना सांभाळून ठेवा.

चार नातेवाईक घेऊन दारात जाऊ नका. मुलासमोर भांडण झालं तर पुढच्या तारखेला तेच तुमच्याविरुद्ध उभं राहतं. मुलाला बोलतं करून त्याचं रेकॉर्डिंगही करू नका. मी पालकांना हे कळकळीने सांगते, कारण आठ वर्षांच्या मुलाला साक्षीदार बनवल्याची जखम खटला संपल्यावरही भरत नाही.

दोन-तीन भेटी नाकारल्या गेल्या की कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा. त्यात बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस मागा, विवाह समुपदेशकांचा अहवाल मागा आणि भेटीची जागा न्यायालयाच्या आवारात ठेवायची विनंती करा. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. समुपदेशकांच्या समोर भेट ठरली की 'आलेच नाहीत' आणि 'आणलंच नाही' हा वाद मिटतो, आणि हजेरीची नोंद आपोआप तयार होते. भेट सतत नाकारणं हे ताबा बदलण्याच्या अर्जातही महत्त्वाचं कारण ठरू शकतं.

पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली मुलाला हजर करण्याचा आदेश मोडला, तर कलम ४५ प्रमाणे दंड आहे १०० रुपयांपर्यंत, पुढे रोज १० रुपयांपर्यंत, आणि एकूण ५०० रुपयांपर्यंतच. ब्रिटिश काळातले हे आकडे आज कुणाला धाक घालणार? पण त्याच कलमात मुलाला हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूदही आहे, आणि ती विसरली जाते.

मूल स्वतःच यायला नकार देत असेल तर? त्याचं दप्तर तयार ठेवणं, त्याला दारापर्यंत आणणं, समजावणं एवढं तरी ताबा असलेल्या पालकाने केलं का, हे न्यायालय बघतं. 'त्यालाच यायचं नाही' असं म्हणून दार लावून घेणं पुरेसं नाही. पण नकार खरा असेल, त्यामागे भीती असेल, तर आदेश बदलून घेण्याचा अर्ज ताबडतोब करा. अर्ज न करता स्वतःच भेट बंद केलीत, तर अवमानाची बाजू तुमच्यावर उलटते.

कन्सेंट टर्म्स: सही करण्याआधी वाचा

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघं तडजोडीच्या अटी लिहून देतात. नवरा रक्कम दोन हप्त्यांत देणार, बायको फौजदारी तक्रार मागे घेणार, फ्लॅट अमुकच्या नावावर होणार. मग एक बाजू आपलं काम उरकते आणि दुसरी फिरते. अवमानाचे अनेक वाद इथूनच उगवतात.

तडजोड 'आमच्यात असं ठरलं' या भाषेत आहे की 'मी न्यायालयाला हमी देतो' या भाषेत, याने फरक पडतो. १९७९ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या संमतीच्या आदेशात हमी आपोआप आहे असं धरता येत नाही. पुढे २००६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की संमतीचा हुकूमनामा मोडणं हाही अवमान होऊ शकतो, आणि दरखास्तीचा मार्ग आहे एवढ्यावरून अवमानाची कारवाई अडत नाही. या वादात आपण का पडायचं? अटींमध्ये 'न्यायालयाला हमी' हे शब्द घाला, ती हमी न्यायालयाने स्वीकारल्याची नोंद आदेशात करून घ्या, आणि प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा. शक्य असेल तिथे डिमांड ड्राफ्ट आणि कागदपत्रं आधीच न्यायालयात जमा करायला सांगा. पैसे न्यायालयात असले की हमीवर विसंबायची वेळच येत नाही.

अर्धे पैसे घेतल्यावर दुसऱ्या बाजूने घटस्फोटाची संमतीच मागे घेतली तर? हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून राहावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. अवमानाचा धाक दाखवून कुणाकडून घटस्फोटाला होकार घेता येत नाही. मात्र न्यायालयाला दिलेली हमी सबळ कारण नसताना मोडली, तर अवमान होऊ शकतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने २०१८ मध्ये ठरवलं. घेतलेले पैसे आणि दागिने परत करण्याचा प्रश्नही उभा राहतो.

अवमान याचिका करायचीच असेल तर

वरचे उपाय करून झाले, किंवा अवज्ञा इतकी उघड आहे की थांबण्यात अर्थ नाही, तेव्हा:

1. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. आदेश एकतर्फी झाला असेल तर प्रत सामनेवाल्याला स्पीड पोस्टाने, ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पोच जपा. 'मला माहीतच नव्हतं' हा सगळ्यात जुना बचाव आहे.
2. वकिलामार्फत नोटीस द्या. कोणता आदेश, कोणत्या तारखेला, कसा मोडला हे नेमकं लिहा आणि पाळण्यासाठी ठरावीक दिवस द्या. कायद्याने ही नोटीस सक्तीची नाही, पण नोटीस मिळूनही केलेली अवज्ञा मुद्दाम होती हे सांगणं सोपं जातं.
3. सामनेवाला हजर असल्याचे आणि त्याने वेळ मागून घेतल्याचे रोजनामे, म्हणजे तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, काढा. ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि बरेचसे आदेश दिसतात.
4. अवज्ञा झाल्यापासून एका वर्षात याचिका दाखल करा. अवमान अधिनियमाच्या कलम २० ची ही मुदत आहे. 'अवज्ञा रोजच चालू आहे' हा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.
5. दरखास्त केली असेल तर ती लपवू नका. उच्च न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं. अवमानाचा अधिकार हा हुकूमनामा बजावण्याचा जोडरस्ता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावलं आहे.

शिक्षेचं प्रकरण न्यायालय आणि अवज्ञा करणारा यांच्यातलं असतं. तुम्ही फक्त ती गोष्ट न्यायालयाच्या नजरेस आणता. म्हणूनच याचिका फेटाळली तर तुम्हाला कलम १९ खाली अपील नाही. शिक्षा झालेल्याला मात्र ते आहे. एकल न्यायाधीशांच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे.

नोटीस तुम्हालाच आली असेल तर

घाबरू नका, पण टाळूही नका. तारखेला हजर राहा. जेवढं पाळणं शक्य आहे तेवढं ताबडतोब पाळा. थकबाकी दोन लाख असेल आणि साठ हजार हाती असतील, तर तेवढे भरून पावती जोडा. नोकरी गेली असेल तर राजीनाम्याचं किंवा काढल्याचं पत्र, बँकेचे उतारे, आजाराचे कागद प्रतिज्ञापत्रासोबत द्या. चूक झाली असेल तर सरळ माफी मागा. आदेश पेलत नसेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज आधीच करायला हवा होता, आणि तो आजही करता येतो: नव्या संहितेचं कलम १४६ किंवा हिंदू विवाह कायद्याचं कलम २५(२). नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत तो पाळावाच लागतो.

या चुका करू नका

- पोटगी आली नाही म्हणून मुलाची भेट बंद करणं, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणं. दोन्ही आदेश वेगळे आहेत आणि दोन्ही मुलासाठी आहेत. अशा वेळी दोन्ही पालक एकाच वेळी दोषी ठरू शकतात.
- पोटगी रोख देणं किंवा घेणं. बँकेतूनच व्यवहार करा.
- फी, कपडे, मोबाइलचं रिचार्ज परस्पर भरून ते पोटगीतून वजा करणं. आदेशात तशी सोय नसेल तर ते धरलं जाईलच असं नाही.
- रागाच्या भरात न्यायाधीशांवर आरोप करणारी पोस्ट टाकणं. तो फौजदारी अवमानाचा विषय होऊ शकतो. हिंदू विवाह कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिथलं कामकाज छापायला कलम २२ ची मनाई आहे.

समोरचा परदेशात असेल तर

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या न्यायालयाचा आदेश मोडला, तर भारतात त्याचा अवमान होत नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल इथे आणलं गेलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी, हा नेहमीचा मार्ग आहे, आणि तिथे मुलाचं हित पाहिलं जातं. उलट, भारतीय न्यायालयाला हमी देऊन मूल बाहेर नेलं आणि परत आणलं नाही, तर अवमान गंभीर होतो. मुलाला केनियाला नेऊन शब्द मोडणाऱ्या एका वडिलांना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कैदेची शिक्षा सुनावली. मुलाला परदेशी न्यायला परवानगी देण्याआधी परतीची तारीख, अनामत रक्कम आणि तिथल्या न्यायालयाकडून तसाच आदेश घेण्याची अट मागून घ्या.

वकील परवडत नसेल तर

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२. पुरुषांना बहुतेक वेळा उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उच्च न्यायालयासाठी तिथली विधी सेवा समिती. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना आदेशाची नक्कल, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि थकबाकीचा महिन्यावार तक्ता सोबत न्या: कोणता महिना, किती देय, किती आले, किती बाकी. तक्ता हाताने लिहिलेला चालतो, आणि तो तयार असेल तर पहिल्याच भेटीत अर्ज लिहायला घेता येतो.